आईवरचा आरोप आणि बाळांच्या डोक्याचा घेर

मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातले एक वकील १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये बायकोला आणि पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बाल्टिमोरला आले. मुलाची सगळी हकिकत त्यांनी जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांना आधीच कळवली होती. पत्र तेहतीस पानांचं होतं. मुलगा एकटाच खुशीत असतो, घरात कोण आलं-गेलं याची त्याला दखलही नसते, गोल फिरेल अशी वस्तू हाती लागली की ती जमिनीवर गरगर फिरवत राहतो, स्वतःला ‘मी’ न म्हणता ‘तू’ म्हणतो, आणि कानावर पडलेलं मात्र शब्द न् शब्द लक्षात ठेवतो, असं वडिलांनी लिहिलं होतं. पत्र वाचणारे डॉक्टर होते लिओ कॅनर. अशी आणखी दहा मुलं त्यांच्याकडे आली आणि १९४३ मध्ये त्यांनी अकरा जणांवरचा निबंध प्रसिद्ध केला. आठ मुलगे, तीन मुली. वकिलांचा मुलगा त्यात ‘डोनाल्ड टी.’ या नावाने पहिला होता. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५-२६ च्या सुमारास अशाच मुलग्यांचं बारकाईने वर्णन केलं होतं, पण पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी ते कित्येक दशकं वाचलंच नाही. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हे स्वतंत्र निदान म्हणून रूढ झालं ते कॅनर यांच्या निबंधातून.

पुढच्या ऐंशी वर्षांतले सगळे वाद त्या निबंधात बीजरूपाने सापडतात. ही मुलं माणसांशी जिव्हाळ्याचं नातं जोडण्याची नैसर्गिक क्षमता न घेताच जन्माला आली आहेत, असं कॅनर यांनी शेवटी स्वच्छ म्हटलं. दोष जन्मतः आहे, म्हणजे शरीरात आहे. पण त्याच निबंधात त्यांनी असंही नोंदवलं की या मुलांचे आईवडील फार शिकलेले, पुस्तकांत रमणारे आहेत आणि मनापासून प्रेमळ म्हणावेत असे त्यांच्यात थोडेच आहेत. शारीरिक तपासणीच्या तपशिलात आणखी एक ओळ जाता जाता येऊन गेली. अकरांपैकी पाच मुलांची डोकी वयाच्या मानाने मोठी होती.

या तीन निरीक्षणांपैकी जगाने नेमकं मधलं उचललं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी मानसोपचारावर फ्रॉईडच्या विचारांची घट्ट पकड होती. मुलाच्या वागण्यातली प्रत्येक गाठ आईच्या वागण्यात शोधायची, ही त्या काळची रीतच होती. कॅनरसुद्धा त्या वाऱ्याने हलले. १९४९ च्या लेखात त्यांनी आईबापांच्या थंडपणावर जास्त भर दिला आणि ‘फ्रिजसारखी आई’ हा शब्दप्रयोग पाश्चात्त्य जगात पसरला. त्यावर कळस चढवला तो शिकागोच्या ऑर्थोजेनिक स्कूलचे प्रमुख ब्रुनो बेटलहाइम यांनी. ते स्वतः १९३८-३९ मध्ये नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांत राहून आले होते. कैद्यांचं मन तिथे जसं आत मिटून जातं तसंच या मुलांचं घरात होतं, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणजे घर ही छावणी आणि आई पहारेकरी. १९६७ मध्ये आलेल्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या त्यांच्या पुस्तकाने ही कल्पना सुशिक्षित घराघरांत नेली. मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळेत ठेवावं, हा त्यावरचा उपचार.

या आरोपाची शिक्षा किती जणींनी भोगली याची मोजदाद कुठेच नाही. मुलाची तपासणी बाजूला राहून आईचंच मनोविश्लेषण वर्षानुवर्षं चालायचं. आपल्याकडे बेटलहाइम फारसे कुणी वाचले नसतील, पण त्यांच्या निष्कर्षाला मराठी घरं अनोळखी नाहीत. ‘नोकरीपायी मुलाकडे लक्ष दिलं नाही’, ‘हातात सतत मोबाइल दिला म्हणून बोलत नाही’ अशी वाक्यं स्वमग्न मुलाच्या आईला आजही ऐकावी लागतात. बोलणाऱ्याला वाटतं, हा आपला साधा अनुभव. खरं तर ते एका मोडीत निघालेल्या सिद्धांताचंच उष्टं असतं.

पहिला धक्का दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे सॅन दिएगोत नौदलाच्या नोकरीत असलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा १९५६ मध्ये जन्मला, आणि तो जन्मापासूनच वेगळा होता. त्याच्यावर प्रेम करायला आई कमी पडली असं म्हणायला वेळही मिळाला नव्हता. रिमलँड यांनी त्या वेळी या विषयावर जे जे छापलं गेलं होतं ते वाचून काढलं आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिलं की आईला दोषी ठरवणारा पुरावा कुठेही नाही, सगळी चिन्हं मज्जासंस्थेकडे बोट दाखवतात. प्रस्तावना कॅनर यांची होती. पुस्तकाच्या शेवटी पालकांसाठी एक प्रश्नावली जोडलेली होती. ती भरून पालकांनी रिमलँडना पाठवायला सुरुवात केली. तोवर जो तो आपल्या घरात एकटा शरमेने बसलेला होता. त्या पत्रांतून माणसं एकमेकांना सापडली आणि १९६५ मध्ये स्वमग्न मुलांच्या पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. चार वर्षांनी याच संघटनेच्या सभेत म्हाताऱ्या कॅनर यांनी उभं राहून, मी तुम्हा आईबापांना दोषमुक्त करतो, अशा अर्थाचं जाहीर विधान केलं. सभागृहातल्या पालकांना हे ऐकायला सव्वीस वर्षं वाट पाहावी लागली होती.

पण दोषमुक्ती ही भावना झाली, आणि शास्त्राला आकडे लागतात. ते लंडनमध्ये मिळाले.

स्वमग्नता आनुवंशिक नसावी, असंच त्या वेळी बहुतेक तज्ज्ञ मानत. त्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता: स्वमग्न मुलांचे आईबाप स्वमग्न नसतात, आणि त्यांच्या भावंडांतही शंभरात जेमतेम दोघांना ती असते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयाचे मायकेल रटर यांनाही आधी तसंच वाटायचं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण दोन टक्के हा आकडा एकटाच धरून बसलो आहोत. १९६६ च्या मिडलसेक्समधल्या पाहणीत दहा हजार मुलांमागे साडेचार स्वमग्न मुलं आढळली होती. त्या मानाने भावंडांतले दोन टक्के म्हणजे चाळीस-पन्नास पट जास्त! पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तो मोजायची पट्टी तेवढी चुकीची होती.

अमेरिकेतून आलेल्या सुझन फोलस्टीन यांना बरोबर घेऊन रटर यांनी ब्रिटनभरातून अशी जुळी शोधली ज्यांच्यातलं निदान एक मूल स्वमग्न आहे. कल्पना साधी होती. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, दोन बीजांपासून झालेल्यांची साध्या भावंडांइतकीच जुळतात. घर, आई, स्वयंपाक, शाळा हे मात्र दोन्ही प्रकारांत एकच. आईच्या वागण्याने स्वमग्नता येत असेल तर दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत सारखाच निकाल दिसायला हवा. एकवीस जोड्या मिळाल्या. अकरा एकबीज जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुलं स्वमग्न निघाली. दहा द्विबीज जोड्यांत अशी एकही नव्हती. पुढे त्यांनी नजर थोडी विस्तारली आणि भाषा किंवा आकलनातली कोणतीही ठळक अडचण मोजली. तेव्हा एकबीज जोड्यांत जुळणाऱ्या जोड्यांचं प्रमाण ८२ टक्क्यांवर गेलं, द्विबीजांत ते दहा टक्केच राहिलं.

१९७७ मध्ये हा निबंध आला. एकवीस जोड्या म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याजोगा पुरावा, पण त्याने बेटलहाइम यांच्या इमारतीचा पाया काढून घेतला. शिवाय त्यात आणखी एक बारीक नोंद होती, आणि माझ्या मते ती तितकीच महत्त्वाची आहे. ज्या सतरा जोड्यांत एकच मूल स्वमग्न होतं, त्यांपैकी बारा जोड्यांत त्या मुलाच्या मेंदूला इजा पोचू शकेल असं काही जन्माच्या वेळी किंवा आसपास घडलेलं होतं. म्हणजे सगळं जनुकांवरही टाकता येत नव्हतं. रटर यांनी हे तेव्हाच लिहून ठेवलं. पुढच्या पिढीने मात्र त्यातलं ‘जनुक’ तेवढं ऐकलं.

जनुकांचा शोध लागायला अजून वेळ होता. त्याआधी मेंदू बघायची सोय झाली.

जिवंत माणसाच्या मेंदूचं चित्र काढण्याची जुनी पद्धत अंगावर काटा आणणारी होती. कमरेच्या मणक्यात सुई घालून मेंदूभोवतालचं पाणी काढायचं, त्या जागी हवा सोडायची, आणि रुग्णाला कलवून, उलटंसुलटं करून ती हवा मेंदूतल्या पोकळ्यांत चढली की क्ष-किरण चित्र घ्यायचं. त्यानंतर दिवसेंदिवस डोकं दुखत राही. १९७५ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी स्वमग्न मुलांवरच्या अशा तपासण्यांचे निष्कर्ष छापले आणि मेंदूच्या डाव्या बाजूच्या पोकळ्या मोठ्या असल्याचं सांगितलं. स्वतःला काय होतंय ते सांगूही न शकणाऱ्या मुलांनी हे सोसलं, हे इतिहासात नोंदवलं गेलंच पाहिजे. सीटी स्कॅनर १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरला गेला आणि काही वर्षांतच ही यातना संपली. एमआरआय आल्यावर तर क्ष-किरणांचीही गरज उरली नाही.

१९८८ मध्ये सॅन दिएगोच्या एरिक कूर्शेन यांनी अठरा स्वमग्न व्यक्तींचे एमआरआय तपासून सांगितलं की त्यांच्या लहान मेंदूच्या मध्यभागाचे दोन खंड आकाराने कमी आहेत. मार्गारेट बाउमन आणि थॉमस केंपर यांनाही १९८५ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या एका मेंदूत लहान मेंदूतल्याच पेशी विरळ झालेल्या आढळल्या होत्या. जागा सापडली, असं वाटलं. पण इतर प्रयोगशाळांनी मोजलं तेव्हा कुणाला फरक दिसला, कुणाला नाही. बुद्ध्यंक सारखा असलेल्या लोकांशी तुलना केली की तो आणखी पुसट व्हायचा. पुढची कित्येक वर्षं हाच क्रम चालला: एका अभ्यासात मेंदूचा एखादा भाग मोठा निघायचा, दुसऱ्यात तोच लहान. पंधरा-वीस जणांच्या गटाच्या सुतावरून स्वर्ग गाठण्याची घाई सगळ्यांनाच झाली होती.

टिकली ती कॅनर यांची दुर्लक्षित ओळ. १९९० च्या दशकात अनेक गटांना स्वमग्न मुलांचे मेंदू सरासरीहून मोठे दिसू लागले. कूर्शेन यांनी २००१ मध्ये जाहीर केलं की दोन ते चार वर्षांच्या स्वमग्न मुलग्यांपैकी ९० टक्क्यांच्या मेंदूचं आकारमान सरासरीपेक्षा जास्त आहे, मोठ्या मुलांत मात्र हा फरक दिसत नाही. दोन वर्षांनी त्यांच्या गटाने बालरोगतज्ज्ञांकडच्या जुन्या नोंदी काढल्या. लस टोचायला आणलेल्या बाळाच्या डोक्याभोवती टेप धरून डॉक्टर जो आकडा लिहून ठेवतात, तोच. जन्माच्या वेळी या बाळांचं डोकं सरासरीपेक्षा थोडं लहान होतं, आणि वर्षभरात ते झपाट्याने वाढून सरासरीच्या बरंच पुढे गेलं होतं. म्हणजे मूल बोलत नाही, हाकेला ओ देत नाही हे आईच्या लक्षात येण्याच्या कितीतरी आधी मेंदूत काहीतरी घडून गेलेलं असतं.

हा निष्कर्ष मोठा होता, पण त्यात दोन भेगा निघाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले आर्मिन रझनहान यांनी २०१३ मध्ये साधा प्रश्न विचारला: मोठं म्हणजे कशाच्या तुलनेत? तुलनेसाठी वापरलेले डोक्याच्या घेराचे तक्ते जुने होते, आणि त्यांच्या मानाने आजच्या सगळ्याच मुलांची डोकी मोठी भरत होती. त्याच गावातल्या, त्याच काळातल्या मुलांशी तुलना केली की फरकाचा बराचसा भाग विरघळून जायचा. दुसरी भेग कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या माइंड इन्स्टिट्यूटमध्ये दिसली. डेव्हिड अमराल आणि क्रिस्टीन नॉर्डाल यांच्या गटाने तीच ती मुलं वर्षानुवर्षं मोजली. त्यांना आढळलं की शरीराच्या मानाने मेंदू खरोखर मोठा असतो तो सहा-सात मुलग्यांमागे एकाचाच, आणि वय वाढलं तरी तो लहान होत नाही. मग मोठ्या वयात फरक नाहीसा झाल्यासारखा का वाटत होता? तर लहान मूल रात्री झोपेत तपासता येतं, मोठ्या मुलाला मात्र जागेपणी, धडधडणाऱ्या नळीत न हलता पडून राहावं लागतं. ज्यांना बोलण्या-समजण्याची जास्त अडचण आहे ते ते करू शकत नाहीत, आणि मोठ्या मेंदूची मुलं त्यांच्यातच जास्त होती. ती मुलं अभ्यासातून गळत गेली आणि संशोधकांना वाटलं, मेंदू आपोआप सरासरीवर आला. ज्यांच्यासाठी संशोधन चालू होतं त्यांच्यातली सगळ्यांत अडचणीतली मुलं यंत्रापर्यंत पोचतच नव्हती. या संशोधनाच्या इतिहासातली ही फार खुपणारी गोष्ट आहे.

जनुकांच्या आघाडीवर याच काळात आशा-निराशेचा असाच खेळ चालू होता. १९९५ मध्ये एका स्वमग्न मुलाच्या पालकांनी अमेरिकेत ‘क्युअर ऑटिझम नाउ’ ही संस्था काढली. शास्त्रज्ञ आपापल्या रुग्णांचे रक्तनमुने कडीकुलपात ठेवतात हे पाहून या संस्थेने १९९७ मध्ये स्वतःच शेकडो कुटुंबांचे नमुने जमवून ते सर्वांना खुले केले. दोन-चार जनुकं सापडतील आणि विषय मिटेल, अशी तेव्हाची अपेक्षा होती. १९९९ मध्ये स्टॅनफर्डचे नील रिश यांनी हिशेब मांडून सांगितलं की जनुकं निदान पंधरा तरी असावीत. तो अंदाज त्या वेळी निराशाजनक वाटला. आज तो किती तोकडा होता ते कळतं.

याच सुमारास, १९९८ मध्ये, लंडनच्या अँड्र्यू वेकफील्ड यांनी बारा मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर संशय घेणारा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्यातली माहिती खोटी ठरली, २०१० मध्ये निबंध मागे घेतला गेला आणि वेकफील्ड यांचा वैद्यकीचा परवानाही गेला. २००२ मध्ये डेन्मार्कने ५ लाख ३७ हजार मुलांच्या नोंदी तपासून लस आणि स्वमग्नता यांचा संबंध नसल्याचं दाखवलं होतं. तरी अफवा जगभर पसरली, लसीकरण घटलं, गोवर परतला. पालकांची तगमग खरी होती, आणि तिचा गैरफायदा घेतला गेला.

पॅरिसच्या तोमा बुर्जेरों यांच्या गटाला २००३ मध्ये दोन स्वीडिश कुटुंबांत पहिले ठोस धागे सापडले. मज्जापेशी जिथे एकमेकींना भेटतात ती सांधणी घट्ट ठेवणारी दोन जनुकं तिथे बिघडलेली होती. पण खरा कलाटणीचा क्षण आला तो २००७ मध्ये, कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत. जोनाथन सेबॅट आणि मायकेल विग्लर यांनी गुणसूत्रांचे लहान तुकडे गळालेत किंवा दुप्पट झालेत का ते पाहिलं. घरात एकच मूल स्वमग्न असलेल्या ११८ कुटुंबांपैकी १२ मुलांत असा बदल होता आणि तो आईतही नव्हता, बापातही नव्हता. निरोगी लोकांत हेच प्रमाण एक टक्का होतं. म्हणजे बदल त्या मुलापासूनच सुरू झाला होता. ‘आमच्या घराण्यात तर असं कुणी नाही’ असं गोंधळून म्हणणाऱ्या आईबापांना पहिल्यांदाच नीट उत्तर मिळालं: घराण्यात नसूनही ते जनुकांत असू शकतं.

सायमन्स फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने मग अशी अडीच हजारांहून जास्त कुटुंबं जमवली, आणि एप्रिल २०१२ मध्ये येल, सिअ‍ॅटल आणि बॉस्टनच्या तीन गटांचे निबंध ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एकाच वेळी आले. प्रत्येक माणसात काही ना काही नवे बदल जन्मतः असतातच, त्यामुळे एका मुलातल्या बदलावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा दोन स्वमग्न मुलांत तेच जनुक नव्याने बिघडलंय का, एवढंच पाहिलं. हा योगायोग सहसा घडत नाही. असं करत एससीएन२ए आणि सीएचडी८ ही जनुकं हाती लागली. आणखी एक गोष्ट उघड झाली. हे नवे बदल आईपेक्षा बापाकडून साधारण चौपट जास्त येत होते. त्याच वर्षी आइसलँडच्या अभ्यासाने सांगितलं की बापाचं वय वर्षाने वाढलं की मुलात साधारण दोन नवे बदल जास्त जातात. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात, आणि बापाला दोषी धरायचं कारण त्यात तिळमात्र नाही. पण अर्धशतकभर फक्त आईकडेच पाहिलं गेलं होतं, हे इथे आठवतंच.

सीएचडी८ बिघडलेल्या पंधरा जणांना २०१४ मध्ये प्रत्यक्ष भेटून तपासलं गेलं. त्यांच्यातल्या बहुतेकांचं डोकं मोठं होतं. जोडीला बद्धकोष्ठ, झोपेच्या तक्रारी आणि दूर-दूर असलेले डोळे. सोळाव्या गुणसूत्राचा एक विशिष्ट तुकडा गळाला तर डोकं मोठं होतं, तोच दुप्पट झाला तर लहान. स्वमग्नता दोन्हींत येऊ शकते. एमआरआयवाल्यांचे आकडे एकमेकांशी का जुळत नव्हते त्याचं उत्तर असं जनुकांकडून आलं. वेगवेगळ्या वाटांनी आलेली मुलं एका नावाखाली गोळा करून त्यांची सरासरी काढली जात होती.

आता प्रश्न उरला की हे सगळं सुरू कधी होतं. २०१३ मध्ये दोन गटांनी स्वमग्नतेशी निगडित जनुकं मेंदूत केव्हा आणि कुठे जागी असतात ते तपासलं. गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत, मेंदूचं बाह्यावरण घडत असताना, ती सर्वांत सक्रिय होती. गर्भाचा मेंदू रोज तपासणं शक्य नाही. पण जन्मलेल्या बाळाचा तपासता येतो.

त्यासाठी अमेरिकेत २००७ पासून चॅपल हिल, सेंट लुइस, फिलाडेल्फिया आणि सिअ‍ॅटल इथे जोसेफ पिव्हन यांच्या नेतृत्वाखाली अर्भकांचा मेंदू पाहणारा प्रकल्प चालू झाला. ज्यांचं मोठं भावंड स्वमग्न आहे अशी बाळं निवडली, कारण त्यांच्यात पाचांमागे जवळपास एकाला पुढे तेच निदान होतं. पद्धत मला फार हृद्य वाटते. गुंगीचं औषध द्यायचं नाही. एमआरआयच्या खडखडाटाचं ध्वनिमुद्रण आईबाप घरी वाजवून बाळाला त्याची सवय लावतात. रात्री बाळाच्या नेहमीच्या वेळेला रुग्णालयात पोचायचं, तिथेच त्याला पाजायचं, थोपटायचं, झोपलं की कानांवर संरक्षण चढवून अलगद यंत्रात ठेवायचं. बाळ जागं झालं तर त्या दिवसाचं काम संपलं. सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं असं तीनदा.

२०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल आला. पुढे स्वमग्न ठरलेल्या बाळांत सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान मेंदूच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ जास्त वेगाने पसरलं होतं, आणि मेंदूचं एकूण आकारमान त्यानंतर, दुसऱ्या वर्षात वाढलं होतं. या मोजमापांवर शिकवलेल्या संगणकाने स्वमग्न ठरलेल्या ३४ पैकी ३० बाळं बरोबर ओळखली आणि १४५ इतर बाळांपैकी सातांना चुकून त्यांत धरलं.

बातम्यांत हे ‘वर्षाच्या आत स्वमग्नतेचं निदान’ म्हणून झळकलं. इथे थोडा हिशेब केला पाहिजे. ही बाळं जास्त शक्यता असलेल्या घरांतली होती. हीच चाचणी सरसकट हजार बाळांवर लावली आणि त्यांत पुढे स्वमग्न होणारी वीस धरली, तर सतरा-अठरा ओळखली जातील, पण सुमारे पन्नास बाळांवर खोटा शिक्का बसेल. पन्नास घरांत विनाकारण दिवा मालवेल. म्हणून ही पद्धत आजही संशोधनातच आहे, दवाखान्यात नाही. अमेरिकेच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी २००० मध्येच सांगून ठेवलं होतं की स्वमग्नतेच्या निदानासाठी मेंदूचं चित्र नेहमी काढायची गरज नाही, डोकं मोठं असलं तरीही. निदान आजही मुलाशी खेळून, त्याला निरखून, आईबापांशी बोलूनच होतं. अचूक निदानाच्या नावाखाली कुणी महागडा स्कॅन गळ्यात मारत असेल तर पालकांनी हे नक्की विचारावं की त्याने उपचारात काय फरक पडणार आहे.

जनुकचाचणीचं तसं नाही. काही मुलांत ती निश्चित कारण दाखवते, झटके किंवा हृदयाच्या तक्रारींवर लक्ष ठेवायला सांगते आणि पुढच्या अपत्याबद्दल आईबापांना खरी माहिती देते. २०२० पर्यंत ३५ हजारांहून जास्त लोकांच्या तपासणीतून १०२ जनुकं निश्चित झाली होती. पण बहुतेक मुलांत असं एकच कारण नसतं. हजारो लहान-लहान आनुवंशिक फरकांची बेरीज असते, आणि ते फरक आपल्या सगळ्यांतच थोडेफार असतात. २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त मुलांच्या वागण्या-वाढण्याच्या नोंदी आणि जनुकं एकत्र पाहून संशोधकांनी चार गट वेगळे केले. प्रत्येक गटाची आनुवंशिक ठेवण वेगळी निघाली. मात्र या साऱ्या नमुन्यांत युरोपीय वंशाचे लोकच प्रचंड बहुसंख्य आहेत. आपल्याकडच्या मुलांना ही जनुकांची यादी जशीच्या तशी लागू होईल असं गृहीत धरता येत नाही.

हे संशोधन कशासाठी, हा प्रश्न खुद्द स्वमग्न माणसांनीही विचारला आहे. २०२१ मध्ये केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांनी दहा हजार स्वमग्न लोकांचा डीएनए गोळा करण्याचा ‘स्पेक्ट्रम १०के’ प्रकल्प जाहीर केला. आमचा डीएनए कोण वापरणार, त्यातून उद्या आमच्यासारखी मुलं जन्मण्याआधीच वगळली जाणार का, असा आक्षेप स्वमग्न लोकांनी एकजुटीने घेतला आणि काही आठवड्यांतच काम थांबवावं लागलं. त्या आक्षेपात तथ्य होतं असं मला वाटतं. ज्यांच्या शरीराचा अभ्यास होतो त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, ही तक्रार हवा भरून मेंदूची चित्रं काढली तेव्हापासूनची आहे.

भारतात स्वमग्नतेला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जागा मिळाली. मुलांच्या मेंदूविकासाच्या अडचणींची पाच ठिकाणी झालेली मोठी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पाचांत उत्तर गोवा हे एक होतं. आणि गोव्यातच ‘संगाथ’ या संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांबरोबर आणि मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांच्याबरोबर एक वेगळा प्रयोग केला. त्यात डॉक्टर नव्हते, स्कॅनर नव्हता. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या घरी जायचे, आई आणि मूल खेळत असतानाचं थोडं चित्रण करायचे आणि मग आईबरोबर बसून ते बघायचे. मुलाने कुठे किंचित मान वळवली, कुठे आवाज काढला, आईने त्याला कुठे नेमका प्रतिसाद दिला, तेवढे क्षण थांबवून दाखवायचे. एकूण ६५ मुलांवरच्या या प्रयोगाचा निकाल ‘लॅन्सेट सायकियाट्री’च्या २०१६ मधल्या अंकात आला. मुलाच्या कलाने प्रतिसाद देणं आईबापांत स्पष्ट वाढलं होतं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाणही वाढलं होतं. दोघांनी मिळून एकाच गोष्टीवर लक्ष देण्याचा वेळ मात्र अपेक्षेच्या उलट कमी भरला. संशोधकांनी तोही आकडा तसाच छापला, आणि पुढचा मोठा प्रयोग दिल्लीत हाती घेतला.